बोटुलिझम : जीव वाचतो, बळ सावकाश परतते

विषशास्त्राच्या दृष्टीने बोटुलिनम हे माणसाला ठाऊक असलेल्या सर्वात तीव्र विषांपैकी एक आहे. डोळ्यांना न दिसणारी मात्रादेखील जीव घेण्यास पुरते. असे असूनही या विषाची बाधा झालेला रुग्ण वेळेत सुसज्ज रुग्णालयात पोहोचला तर बहुधा वाचतो आणि काही महिन्यांत स्वतःच्या पायांवर घरात वावरू लागतो. आपल्याकडे हा आजार क्वचितच नोंदला जातो. त्यामुळे एखाद्या घरावर तो प्रसंग आलाच तर नातेवाइकांना विचारायला आधीचा अनुभव असलेले कोणी सापडत नाही. रुग्ण जगेल का, आणि जगला तर पूर्वीसारखा होईल का, या दोन प्रश्नांची वैद्यकशास्त्राकडे असलेली उत्तरे बरीच आशादायक आहेत. मात्र त्या आशेला काही अटी आहेत आणि पहिली अट वेळेची आहे.

क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू मातीत सर्वत्र आढळतो. त्याचे बीजाणू अत्यंत चिवट असतात. जेथे हवा पोहोचत नाही, आंबटपणा आणि मीठ कमी असते आणि थोडी ऊब मिळते अशा जागी, उदाहरणार्थ घरी नीट निर्जंतुक न करता हवाबंद केलेल्या डब्यात, ते रुजतात आणि विष तयार करतात. ते विष अन्नातून पोटात जाते. क्वचित जिवाणू खोल जखमेत वाढतो, तर तान्ह्या बाळांच्या बाबतीत बीजाणू आतड्यातच रुजून तेथे विष निर्माण होते. या विषाच्या प्रकारांपैकी ए, बी आणि ई हे माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचे.

मज्जातंतू जेथे संपतो आणि स्नायू जेथे सुरू होतो त्या संधीवर या विषाचा परिणाम होतो. मेंदूकडून आलेला हुकूम स्नायूपर्यंत पोहोचवण्यासाठी मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन बाहेर पडावे लागते. बोटुलिनम विष त्या टोकात शिरते आणि हे रसायन बाहेर सोडणारी प्रथिने कापून टाकते. हुकूम निघतो, पण पोहोचत नाही, आणि स्नायू लुळा पडतो. मेंदू, स्पर्शज्ञान आणि स्नायूंची मूळ घडण यांना मात्र इजा होत नाही. बिघाड केवळ जोडणीत असतो आणि शरीर ती जोडणी पुन्हा करू शकते. रुग्णाच्या भवितव्याविषयी जी आशा बाळगता येते, तिचा आधार हाच आहे.

पापणीपासून छातीपर्यंत

दूषित अन्न खाल्ल्यानंतर साधारणतः १२ ते ३६ तासांत लक्षणे दिसू लागतात. कधी काही तासांत, तर कधी आठवडाही लागतो. आरंभ डोळ्यांपासून होतो. एकाच्या दोन वस्तू दिसतात, पापण्या जड होतात, वाचताना अक्षरे धूसर होतात. पाठोपाठ तोंडाला कोरड पडते, शब्द अडखळतात, आवाज नाकात येतो, घोट गिळवत नाही. मग अशक्तपणा मान, खांदे, हात असा वरून खाली उतरत जातो. ताप नसतो, शुद्ध पूर्ण असते. छातीचे आणि श्वासपटलाचे स्नायू थकले की श्वास उथळ होतो आणि येथेच जीवन-मरणाचा प्रश्न उभा राहतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हापासून अचानक येणारा लुळेपणा आपल्या वाचकांना अपरिचित राहिलेला नाही. त्या आजारात अशक्तपणा बहुधा पायांतून वर चढतो आणि हातापायांना मुंग्या येतात. बोटुलिझममध्ये तो डोळ्यांपासून खाली उतरतो आणि मुंग्या येत नाहीत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील डॉक्टरांना याहूनही जवळचे उदाहरण ठाऊक असते, ते मण्यारीच्या दंशाचे. रात्री झोपेत मण्यार चावते, दंश जाणवतही नाही आणि सकाळी माणूस मिटलेल्या पापण्यांनी, अडखळत्या जिभेने उठतो. चित्र जवळजवळ तेच. म्हणूनच असा रुग्ण आला की कोणी काय खाल्ले आणि कोण कोठे झोपले होते, ही दोन्ही चौकशी करावी लागते. सर्पदंशावरील प्रतिविषाचा बोटुलिझममध्ये काहीही उपयोग होत नाही.

मृत्यूचे प्रमाण का घटले?

या आजाराचा पहिला पद्धतशीर अभ्यास जर्मनीतील वुर्टेम्बर्ग प्रांतात युस्टिनुस केर्नर या वैद्याने केला. हे गृहस्थ कवीही होते. मांसाचे सॉसेज खाऊन होणाऱ्या या विषबाधेवर त्यांनी १८२० आणि १८२२ साली ग्रंथ लिहिले, आणि त्या विषाचा प्रयोग स्वतःवरही केला. सॉसेजला लॅटिनमध्ये ‘बोटुलस’ म्हणतात, त्यावरून आजाराचे नाव पडले. पुढे १८९५ साली बेल्जियममधील एलझेल या गावी अंत्यविधीनंतरच्या भोजनात खारवलेले मांस खाऊन वादकांचा ताफा आजारी पडला आणि तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून हा जिवाणू शोधून काढला. कारण कळले, तरी पुढची अनेक दशके उपाय हाती नव्हता. १९५० पूर्वीच्या अमेरिकेतील नोंदींनुसार शंभर रुग्णांपैकी साठच्या आसपास दगावत. आज तेथे हे प्रमाण शंभरात पाचाहून कमी आहे.

हा फरक एखाद्या जादुई औषधाने पडला, असे समजण्याचे कारण नाही. तो प्रामुख्याने कृत्रिम श्वासोच्छ्वासाने पडला, आणि त्याची सुरुवात दुसऱ्याच एका आजारात झाली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबत अहोरात्र श्वास देण्याचा मार्ग ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने काढला. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम त्या प्रयत्नात आहे. बोटुलिझमचा रुग्ण मरतो तो मुख्यत्वे श्वास थांबल्याने किंवा त्यानंतरच्या गुंतागुंतीने. यंत्राने श्वास चालू ठेवला, संसर्ग टाळला, पोषण दिले, तर शरीराला हवा असलेला अवधी मिळतो.

याचे सर्वात बोलके उदाहरण थायलंडचे आहे. मार्च २००६ मध्ये नान प्रांतातील बान लुआंग या ग्रामीण भागात एका धार्मिक उत्सवात घरगुती पद्धतीने डबाबंद केलेले बांबूचे कोंब वाढण्यात आले. २०९ जणांना बाधा झाली आणि त्यांपैकी ४२ जणांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. प्रतिविष देशात पुरेसे नव्हते, ते परदेशांतून मागवावे लागले आणि त्यात मोलाचे दिवस गेले. तरीही एकही रुग्ण दगावला नाही. बांबूचे कोंब आपल्याकडे कोकणातही पावसाळ्यात आवडीने खाल्ले जातात, पण ते ताजे शिजवून. नानमधील दोष कोंबांचा नव्हता, डबाबंद करण्याच्या पद्धतीचा होता.

प्रतिविष काय करते, काय करत नाही

बोटुलिझमवरील प्रतिविष घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार करतात. आपल्याकडे सर्पदंशावरील प्रतिविषही असेच घोड्यांपासून मिळवले जाते. सातही प्रकारच्या बोटुलिनम विषांवर चालणाऱ्या प्रतिविषाला अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली. त्याची मर्यादा नातेवाइकांनी आरंभीच समजून घ्यावी, अन्यथा पुढे निराशा होते. रक्तात फिरणारे विष ते निकामी करते. मज्जातंतूत आधीच शिरलेल्या विषापर्यंत ते पोहोचू शकत नाही. म्हणजे लुळेपणा जेथवर आला आहे तेथे त्याला थोपवता येते, मागे फिरवता येत नाही. इंजेक्शन दिल्यावर दुसऱ्या दिवशी पापण्या उघडल्या नाहीत म्हणून औषध लागू पडले नाही, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

मात्र वेळेचे मोल आकड्यांत दिसते. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, ए प्रकाराच्या १३२ रुग्णांच्या पाहणीत पहिल्या २४ तासांत प्रतिविष मिळालेल्यांपैकी १० टक्के, उशिरा मिळालेल्यांपैकी १५ टक्के, तर अजिबात न मिळालेल्यांपैकी ४६ टक्के रुग्ण दगावले. हे आकडे थोडे जपून वाचावेत, कारण निदान होण्यापूर्वीच मृत्यू पावलेलेही शेवटच्या गटात येतात. तरीही दिशा स्पष्ट आहे. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत न थांबता, केवळ लक्षणांवरून प्रतिविष देण्याचा निर्णय घ्यावा, असे तज्ज्ञ सांगतात. अडचण ही, की आजार दुर्मीळ असल्याने सामान्य रुग्णालयाच्या औषधसाठ्यात ते नसते. सरकारी यंत्रणेमार्फत मागवावे लागते.

सर्वाधिक धोका असतो तो साथीतील पहिल्या रुग्णाला. त्याच्या वेळी कोणाच्या मनात बोटुलिझम येत नाही. पक्षाघात, मायस्थेनिया, घशाचा संसर्ग, इतकेच नव्हे तर मद्यपान, असे नाना तर्क होतात. तेच अन्न खाल्लेला दुसरा, तिसरा रुग्ण आला की कोडे सुटते आणि पुढच्यांना वेळेत उपचार मिळतात. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात लँकेस्टर येथे एका चर्चच्या सामूहिक भोजनात घरी डबाबंद केलेल्या बटाट्यांची कोशिंबीर खाऊन २९ जण आजारी पडले. प्रतिविष तातडीने मागवून २५ जणांना देण्यात आले, ११ जणांना व्हेंटिलेटर लागला, एक रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यानंतर लवकरच दगावला. त्याउलट १९७७ साली मिशिगनमधील पाँटियाक येथे मिरच्यांच्या सॉसमधून ५९ जणांना बाधा झाली, पण मृत्यू एकही झाला नाही.

वय साठीच्या पुढे असणे, लक्षणे अतिशय लवकर सुरू होणे आणि विष ए प्रकाराचे असणे, या गोष्टी आजार गंभीर वळण घेण्याची शक्यता वाढवतात. ए प्रकारात व्हेंटिलेटर अधिक जणांना आणि अधिक काळ लागतो. ई प्रकाराचा अंमल त्या मानाने लवकर ओसरतो.

मज्जातंतू पुन्हा कसे जोडले जातात

यासाठी एक शहरी उदाहरण हाताशी आहे. चेहऱ्यावरील सुरकुत्या घालवण्यासाठी दिले जाणारे बोटॉक्सचे इंजेक्शन हे याच विषाच्या ए प्रकाराची अत्यल्प मात्रा होय. त्याचा परिणाम तीन ते चार महिने टिकतो आणि मग सुरकुत्या परत येतात. परत येतात, कारण मज्जातंतू सावरलेला असतो. सौंदर्योपचारात जी तक्रार असते, तीच अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या दृष्टीने आशा आहे. निकामी झालेल्या टोकाशेजारून मज्जातंतूला नवे कोवळे फाटे फुटतात आणि स्नायूशी तात्पुरती जोडणी करतात. कालांतराने मूळ टोक पुन्हा काम करू लागते आणि हे फाटे मागे हटतात. या प्रक्रियेला घाई करता येईल असे कोणतेही औषध आज उपलब्ध नाही.

त्यामुळे रुग्णालयातील कालगणना आठवड्यांत करावी लागते. ज्यांना व्हेंटिलेटर लागतो, त्यांना तो बहुधा दोन ते आठ आठवडे लागतो; काहींच्या बाबतीत कित्येक महिने लागल्याच्या नोंदी आहेत. दीर्घकाळ लागणार असे दिसले की गळ्याला छेद देऊन श्वासनळी बसवतात. नातेवाईक या शस्त्रक्रियेला घाबरतात, पण ती रुग्णाच्या सोयीची असते आणि छेद पुढे भरून येतो. या काळात खरे शत्रू वेगळेच असतात : न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा, पायांतील रक्ताच्या गुठळ्या, मूत्रमार्गाचा संसर्ग. कुशल परिचारिका आणि छातीचा व्यायाम करवून घेणारे फिजिओथेरपिस्ट यांचे महत्त्व येथे डॉक्टरांइतकेच आहे. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके मज्जातंतू व स्नायू यांच्या जोडणीला आणखी क्षीण करतात, म्हणून ती टाळली जातात.

आणखी एक गोष्ट, जिचा उल्लेख माहितीपत्रकांत अपवादानेच सापडतो. या रुग्णाच्या पापण्या मिटलेल्या असतात, बाहुल्या विस्फारलेल्या आणि प्रकाशाला न जुमानणाऱ्या असू शकतात, बोटही हलत नाही. पाहणाऱ्याला तो खोल बेशुद्धीत आहे असे वाटते. मेंदूमृत्यूचा भास झाल्याची उदाहरणेही वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. प्रत्यक्षात तो जागा असतो. खाटेभोवतीचे सारे बोलणे त्याला ऐकू येते, सुई टोचल्याचे दुखते, तहान लागते, भीती वाटते. त्याच्यासमोर खर्चाची किंवा निरवानिरवीची चर्चा करू नये. आज वार कोणता, कोण भेटायला आले, आता कोणती नळी बदलणार, हे त्याला सांगत राहावे. पापणी हाताने उचलून धरली तर त्याला समोरचे दिसते. एखादे बोट किंचित हलू लागले की ‘हो’ आणि ‘नाही’ यांची खूण ठरवता येते. वेदनाशामके आणि झोपेची व्यवस्था याबाबत डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

घरी आल्यानंतर

श्वास स्वतंत्रपणे चालू लागला म्हणजे आजार संपला, असे होत नाही. गिळण्याची शक्ती उशिरा परतते. घरच्यांना वाटते, निदान पेज किंवा सरबत तरी द्यावे. पण पातळ पदार्थच श्वासनलिकेत जाण्याचा धोका अधिक असतो. गिळण्याची तपासणी होऊन परवानगी मिळेपर्यंत नळीवाटेच अन्न द्यावे. तोंडाची कोरड, बद्धकोष्ठ आणि जवळचे वाचताना होणारा त्रास रेंगाळतो. दोन-दोन दिसणे पूर्ण थांबेपर्यंत वाहन चालवू नये. स्नायूंतील बळ वर्षभरही थोडेथोडे वाढत राहते.

आणि मग थकवा उरतो. जॉर्जिया या देशात, जेथे घरगुती डबाबंद भाज्यांमुळे बोटुलिझम वारंवार होतो, दोनशेहून अधिक रुग्णांची आजारानंतर काही वर्षांनी विचारपूस करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. निरोगी शेजाऱ्यांच्या तुलनेत या लोकांमध्ये थकवा, अशक्तपणा, चक्कर, तोंडाला कोरड, वजन उचलताना आणि थोड्या श्रमाने धाप लागणे या तक्रारी ठळकपणे अधिक होत्या. पूर्ण बरा होतो, असे जे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते, त्याला ही पुस्ती जोडणे प्रामाणिकपणाचे होईल. असा रुग्ण चालतो, जेवतो, कामावर जातो, तपासणीत काही दोष सापडत नाही, आणि तरी संध्याकाळी गळून जातो. त्याला आळशी किंवा वहमी ठरवू नये. कामावर परतताना अर्ध्या वेळेपासून सुरुवात करावी. दीर्घकाळ अतिदक्षता विभागात राहिलेल्यांना निद्रानाश आणि नैराश्यही ग्रासते, त्यावरील उपचार वेगळे घ्यावे लागतात.

तान्ही बाळे

बाळांच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. हा प्रकार १९७६ साली प्रथम ओळखला गेला. बाळाला शौचास होत नाही, रडणे क्षीण होते, दूध ओढण्याची शक्ती जाते, मान टाकली जाते. रुग्णालयात दाखल झालेल्या बाळांपैकी शंभरात एकाहूनही कमी दगावतात आणि वाचलेली बाळे पुढे इतर मुलांसारखीच वाढतात. मानवी रक्तापासून बनवलेल्या प्रतिपिंडांचे एक औषध कॅलिफोर्नियात डॉ. स्टीफन अर्नॉन यांच्या पथकाने विकसित केले; २००३ साली त्याला परवाना मिळाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनुसार या औषधाने रुग्णालयातील सरासरी मुक्काम ५.७ आठवड्यांवरून २.६ आठवड्यांवर आला.

नवजात बाळाला मध चाटवण्याची, बाळगुटी मधातून देण्याची आपली प्रथा येथे आड येते. मधात हे बीजाणू असू शकतात आणि साध्या उकळण्याने ते मरत नाहीत. मोठ्यांच्या आतड्यातील नेहमीचे जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. बाळाकडे ते संरक्षण अद्याप नसते. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध देऊ नये, बोटभरसुद्धा नव्हे.

भारतात हा आजार होतच नाही, असा समजही बाळगू नये. १९९६ साली गुजरातमधील एका निवासी शाळेतील ३४ विद्यार्थ्यांना अशी विषबाधा झाली होती. संशयाचा रोख बेसनाच्या शेवेकडे होता आणि त्या वेळी क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम हा ई प्रकाराचे विष निर्माण करणारा भाऊबंद जिवाणू आढळला.

एका व्यक्तीला बोटुलिझमचा संशय आला, की तेच अन्न खाल्लेल्या इतरांवर पुढील काही दिवस लक्ष ठेवावे आणि उरलेले अन्न फेकून न देता घट्ट बंद करून तपासणीसाठी रुग्णालयाच्या स्वाधीन करावे. ते चाखून पाहू नये. विषाला वास किंवा चव असेलच असे नाही. फुगलेला डबा उघडू नये. घरी डबाबंद केलेला पदार्थ खाण्यापूर्वी दहा मिनिटे उकळला तर विष नष्ट होते, पण बीजाणू मारण्यासाठी १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि प्रेशर लागते. बरा झालेल्या रुग्णालाही हीच पथ्ये लागू आहेत. आजार घडवणारी विषाची मात्रा इतकी सूक्ष्म असते, की तिच्यामुळे शरीरात प्रतिकारशक्ती तयार होत नाही, आणि एकदा बरा झालेला माणूस दुसऱ्यांदाही या आजारात सापडू शकतो.